गुडघा टेकण्यापूर्वी

सातारा शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवर कासचे पठार आहे. जांभ्या दगडाचा हा विस्तीर्ण सडा. माती इतकी पातळ की, तीत झाड तग धरणार नाही. पण पावसाळा सरता सरता येथे फुलांचे गालिचे पसरतात. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कासही आहे. छायाचित्रणाच्या छंदापायी आमची पावले तिकडे वळतात.

गालिचा लांबून पाहावा. त्याची वीण मात्र मॅक्रो लेन्सच दाखविते. ‘सीतेची आसवे’ हे निळे-जांभळे फूल जेमतेम सेंटिमीटरभर. जमिनीखाली याच वनस्पतीचे बारीक फुगे ओल्या मातीतील सूक्ष्म जीव क्षणार्धात आत ओढून घेतात. निकस जमिनीत जगण्याची ही तिची युक्ती!

आमचा कॅमेरा मायक्रो फोर थर्ड्स जातीचा. त्याचा सेन्सर 17.3 मिलिमीटर रुंद, 13 मिलिमीटर उंच. सोबत 60 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, वजन अवघे 185 ग्रॅम. फुलाची प्रतिमा मूळ आकाराइतकी उमटली की, चौकट जवळजवळ भरून जाते. पण लेन्सचे छिद्र एफ 8 वर ठेवले, तरी सुस्पष्ट दिसतो तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. वाऱ्याची झुळूक आली की तोही निसटतो. म्हणूनच हौशी मंडळी सड्यावर आडवी होतात, कोपर रोवतात, पिशव्या पसरतात. एका फुलाच्या चित्रासाठी पन्नास फुले चिरडली जातात. यांतील पुष्कळ वनस्पती एकाच मोसमाच्या. बी धरण्यापूर्वी त्या चिरडल्या, तर पुढल्या वर्षीचा बहरही त्यांच्याबरोबर जातो.

हलक्या कॅमेऱ्याने खांदा दुखत नाही, असे लोक सांगतात. ते खरेच, परंतु आम्हांस त्याचा मोठा लाभ फुलांच्या बाजूने दिसतो. पायवाटेवरच उकिडवे बसावे, फिरता पडदा वर वळवावा, हात लांब करून कॅमेरा फुलाशी न्यावा. फोकस एका जागी बांधून कॅमेराच केसभर मागे-पुढे करावा आणि झुळूक थांबताच पाच-सात चित्रे टिपावीत. एखादे तरी साधते. जड कॅमेरा असा लांबवलेल्या हातात फार वेळ पेलत नाही.

आम्ही एक नियम पाळतो: वाटेवरून हात पोचत नाही, ते फूल आमचे नव्हे. हा नियम स्वस्त नाही. सर्वांत देखणे फूल पुष्कळदा दोन हात पलीकडेच डुलत असते. बरोबरची मंडळी म्हणतात, “एक पाऊल टाकलंत तर काय बिघडेल?” एका पावलाने कदाचित फारसे बिघडणार नाही, पण आमच्यामागे वाटेवर रांग उभी असते आणि प्रत्येकाजवळ त्याचे एकच पाऊल असते.

वाचकहो, मुलाबाळांसह तेथे अवश्य जा. लेन्स फुलावर रोखण्यापूर्वी गुडघा कोठे टेकतो, तेवढे पाहा. आमच्या संग्रहात कित्येक फुले नाहीत. ती सड्यावर आहेत.