मजुरी पंपावर नको, दिवसावर दे

प्रिय संजू,

यंदा पराटी छातीच्या वर गेली, फवारणीला गडी मिळत नाही, म्हणून पंपामागे दहा रुपये वाढवून दिलेस, असं परवा तू फोनवर म्हणालास. पैसे वाढवलेस हे बरं केलंस. पण ते पंपामागे वाढवलेस, हे मला खटकलं.

पंपावर मजुरी ठरली की माणूस दिवसभर पंपच मोजतो. वारा फिरून तोंडावर आला तरी थांबत नाही. पंप गळून सदरा पाठीला चिकटला तरी तसाच चालतो. हातपाय धुवायला जायचं म्हणजे एक पंप बुडाला. त्याच हातानं खर्रा तोंडात टाकतो. मग आपणच म्हणतो, गडी बेफिकीर. अरे, त्याला बेफिकीर आपला हिशोब करतो.

2017चा पावसाळा विसरलास का? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20हून जास्त जीव गेले, शेकडो माणसं दवाखान्यात पडली. पराटी डोक्याच्याही वर, हवा दमट, पंपात दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. उंच झाडावर फवारा वर उडवायचा आणि तो आपल्याच नाकातोंडावर, डोळ्यांत उतरायचा.

असा पेशंट आमच्या दवाखान्यात आला की आम्ही आधी विचारतो, औषध कोणतं होतं? सोबतच्याला सांगता येत नाही. मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉसच्या जातीचं असलं तर घाम, लाळ सुटते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, आणि अ‍ॅट्रोपिनचा उतारा चालतो. प्रत्येक कीटकनाशकावर तो चालत नाही. त्यात दुकानदारानं सांगितलं म्हणून तीन डब्यांचं मिश्रण केलेलं असलं तर डॉक्टरही चाचपडतात. म्हणून डबा आणि त्यातला कागद फवारणी संपेपर्यंत धुऱ्यावरच राहू दे. कुणाला मळमळलं, अंधारी आली तर कपडे काढून साबणानं अंग धू आणि डब्यासकट दवाखान्यात ने. सावलीत निजवून वाट बघत बसू नकोस. लाल त्रिकोणाचं औषध तर शक्यतो आणूच नकोस.

मास्क-चष्म्याचं तू म्हणशील, कोणी घालत नाही. दुपारच्या उन्हात घालवत नाहीच. करोनात पीपीई किट घालून उभी राहिलेली बाई सांगतेय. म्हणून फवारा सकाळी काही खाल्ल्यावर आणि ऊन उतरल्यावर, एवढाच ठेव. धुऱ्यावर पाण्याचा ड्रम, साबण आणि कोरडे कपडे असू देत. फवारणीचे कपडे गड्याच्या घरी जाऊ देऊ नकोस, तिथं त्याची बायको ते पोरांच्या कपड्यांत भिजवते.

आणखी एक. गोपीनाथ मुंडे योजनेतून अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात, पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरच्या एकाला. तुझ्या गड्याच्या नावावर सातबारा नाही. त्याचं काही झालं तर त्याच्या घरी कोण जाणार, तूच ना?

वहिनी म्हणेल, रोज ठरवला तर गडी रेंगाळेल. रेंगाळू दे. एका दिवसाचं काम दोन दिवस चालेल. तेवढ्यात अळी सगळं वावर खाऊन टाकत नाही. रोज किती द्यायचा ते त्याच्याशी बसून ठरव, आणि वारा सुटल्यावर थांबला तर रोज कापणार नाही, हेही त्याला आधीच सांग. तुझा तो गळका पंप मात्र या बाजाराला दुरुस्तीला टाक. बहुतेक वायसरच गेलं असेल.

तुझी,
ताई