वाढत्या अंगाचा नको
आपला नातू रेसट्रॅकवर मोटारसायकल चालवण्यासाठी चामड्याचा वन-पीस सूट घेणार असेल, तर दुकानात त्याच्याबरोबर अवश्य जावे. उभ्याने तो सूट पारखू नये. खांद्यांत ओढतो, माणूस किंचित वाकतो आणि आपल्यासारख्यांना वाटते, लहान झाला. नातवाला गाडीवर बसवून पुढे झुकू द्यावे. आता सूट अंगाबरोबर बसावा. श्वास मात्र अडता कामा नये. कोपर-गुडघ्यांवरची संरक्षक पॅड हाताने फिरवून पाहावीत. ती सरकली, तर पडताना आघात थेट हाडावर येईल. ‘वाढत्या अंगाचा घ्या’ हा आपला जुना हिशेब इथे घातकच! शिवाय चामडे वापराने सैलावते. माझ्या नातवाचा सूट असाच घट्ट आहे. त्याची चेन लावायला मी हातभार लावतो.