परवानगी नाकारली

कौंडण्यपुरांत परवानगीचा प्रश्न नवा नव्हे. भाऊ रुक्मी याची संमति नसतां येथील राजकन्या रुक्मिणी अंबिकेच्या दर्शनास म्हणून बाहेर पडली ती द्वारकेसच गेली, हें येथें लहान मूलहि सांगेल. माझी अडचण मात्र रथानें सुटण्याजोगी नव्हती. ती संगणकाची होती.

कै. अण्णांनीं वर्षानुवर्षें रोजनिशी लिहिली. वर्धेचे पूर, पंढरपुरास निघणारी पालखी, घरचें देणेंघेणें, सारें तींत आहे. एका वहीस वाळवी लागली होती. सौभाग्यवतीनें तिचीं पानें मोबाइलवर टिपून संगणकावरील स्वतःच्या खात्यांत ठेविलीं, आणि पुढें ती वही हाताळतांच तिचा भुगा झाला. या साऱ्या रोजनिशीची, हवें तें शोधतां येईल अशी, सूची करावी हा माझा मानस.

गांवांत इंटरनेटचा भरंवसा थोडा. म्हणून पुण्याच्या भाच्याच्या सल्ल्यानें घरच्या संगणकावरच ‘झॅम्प’ हा संच बसविला. त्यांत अपाची हा वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र मिळतात. ब्राउझरमध्यें ‘लोकलहोस्ट’ लिहिलें कीं आपल्याच यंत्रांतलें संकेतस्थळ उघडतें.

पहिलेंच चित्र चढवितां उत्तर आलें: परवानगी नाकारली. दोष माझाच. संच मीं ‘प्रोग्राम फाइल्स’मध्यें बसविला होता, आणि त्या जागेंत सामान्य अधिकारानें चालणाऱ्या प्रोग्रामास लिहितां येत नाहीं. २००७ सालीं घरोघर आलेल्या व्हिस्टापासून विंडोजची रीतच अशी कीं, खातें प्रशासकाचें असलें तरी त्याचे प्रोग्राम सामान्य अधिकारानेंच चालावे. पूर्ण अधिकार निराळा मागावा लागतो. मीं तो मागितला. ‘प्रशासक म्हणून चालवा’ यावर बोट ठेवलें आणि सारीं दारें उघडलीं. इतकीं, कीं सौभाग्यवतीच्या फोल्डरमधलीं चित्रेंहि सर्व्हर थेट वाचूं लागला. मला तर आनंदच झाला!

पंधरवड्यानें निरुपयोगी प्रती पुसून टाकणारा एक लहानसा प्रोग्राम मीं लिहिला. तो माझ्या फोल्डरवर चालवावयाचा होता; पत्ता तिच्या फोल्डरचा राहून गेला. पीएचपीनें पुसलेली फाइल कचरापेटींत जात नाहीं. क्षणार्धांत त्या वहीचीं ४१ पानें गेलीं. हरवलेलें परत मिळविणारे प्रोग्रामहि लावून पाहिले. हातीं कांहीं लागलें नाहीं. २७ पानें मोबाइलमध्यें शिल्लक सांपडलीं. उरलेलीं १४ माझ्या जन्मवर्षाचीं होतीं.

“अहो, पहिल्या दिवशीं त्यानें तुम्हांला नाहीं म्हटलें होतें ना?” एवढेंच ती म्हणाली. तें अक्षरशः खरें होतें. सर्व्हर सामान्य अधिकारानें चालत असता, तर दुसऱ्याच्या खात्यांतील फोल्डर त्यास बंदच राहिला असता, आणि ज्या नकारावर मीं चडफडलों तोच नकार त्या पुसण्याच्या आज्ञेसहि मिळाला असता.

दिवाळींत भाचा आला. तो म्हणाला, “मामा, आधीं एरर लॉग वाचायचा, मग हक्क द्यायचा.” अपाचीच्या ‘लॉग्स’ फोल्डरमधील त्या नोंदींत कोणती फाइल अडली हें स्पष्ट लिहिलेलें असतें, मीं ती कधीं उघडलीच नव्हती. त्यानें संच काढून सी ड्राइव्हच्या मुळाशीं नव्यानें बसविला, तेथें सामान्य खात्यास लिहितां येतें. पोर्ट ८० अडलें तेव्हां मी संवयीनें प्रशासक होऊं लागलों, तर तें दुसऱ्याच एका प्रोग्रामानें धरलेलें निघालें. विंडोजवर अशा वेळीं अधिकार वाढवून कांहीं साधत नाहीं. लिनक्सवर १०२४ च्या खालील पोर्ट उघडण्यास सर्वाधिकार लागतो खरा, परंतु तेथेंहि अपाची दार उघडण्यापुरताच तो वापरतो आणि पुढील काम एका दुबळ्या खात्याकडे सोंपवितो. असल्या फोल्डरास ‘७७७’ देऊन सर्वांस मोकळें रान करणारे लोक पुष्कळ आहेत, असें भाचा माझ्याकडे न पाहतां म्हणाला. प्रशासकपण आतां मला लागतें तें ‘होस्ट्स’ फाइलमध्यें एखादें नांव घालावयाचें असतां, तेवढ्यापुरतें.

सूची आतां चालते. नवीं पानें सौभाग्यवती स्वतः पेनड्राइव्हवर आणून देते. तिच्या फोल्डरांत डोकावण्याची परवानगी मला अद्याप मिळालेली नाहीं.