ताडपत्री, दोरी आणि पंधरा ग्रॅमच्या कड्या

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे. पण ज्यांची मुलं यंदा ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डचं ब्रॉन्झ करतायत, त्यांनी चहा घेऊन बसा आणि वाचा.

ब्रॉन्झची एक्सपिडिशन म्हणजे दोन दिवस आणि एक रात्र. सामान मुलांनीच उचलायचं, तंबू मुलांनीच लावायचा, मोठी माणसं लांबून लक्ष ठेवणार. आमच्या लेकीच्या ग्रुपने ठरवलं की तंबूंबरोबर एक हलकी टार्पही न्यायची, म्हणजे पावसात सगळ्यांना एकत्र बसता येईल. टार्प म्हणजे आपली ताडपत्रीच, फक्त इतकी हलकी की गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी होते.

लेकीला रेनॉड्सचा त्रास आहे. गारठ्यात बोटांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, बोटं पांढरीफटक पडतात, बधिर होतात, आणि परत ऊब मिळाली की ठणकतात. सरावाच्या दिवशी पाऊस होता. टार्पच्या दोऱ्यांना गाठी मारायचं काम तिच्याकडे आलं आणि ते तिला जमेना. हातमोजे घालून गाठ बसत नाही, काढले की बोटं चालत नाहीत. घरी येऊन म्हणाली, "मी नाव काढून घेते." चौदा वर्षांच्या मुलीने हे इतक्या शांतपणे म्हटलं की मला जास्त लागलं.

आता व्यवसायाने सीए असल्यामुळे "जमत नाही" ऐकलं की नेमकं कुठलं कलम जमत नाही ते शोधायची खोड आहे. चालणं जमतं, नकाशा जमतो, स्वयंपाक तर बाकीच्यांपेक्षा बरा. अडतं ते फक्त दोरीच्या टोकाशी. आणि तिथे गाठच हवी असं कुणी सांगितलंय?

टार्प लावताना दोरीकडून दोन कामं हवी असतात : धरून ठेवणं आणि ताण कमीजास्त करणं. दुसरं काम जास्त त्रासाचं. नायलॉन भिजलं की ताणतं, दोरीचंही आणि टार्पच्या कापडाचंही. संध्याकाळी तबल्यासारखी कसलेली टार्प दोन तासांच्या पावसात ढिली पडते, मध्ये पाण्याचा डोह साठतो आणि अंधारात कुणाला तरी उठून प्रत्येक दोरी पुन्हा ओढावी लागते. सरकती गाठ याच कामाची, पण ती ओल्या दोरीवर सरकवायला बोटांत जोर लागतो. लेक डिस्ट्रिक्टमधलं सीथवेट घ्या, तिथे वर्षाला साधारण ३,५०० मिलीमीटर पाऊस पडतो. तिकडे कॅम्पिंग करणाऱ्याने ओली दोरी गृहीतच धरायची.

यावर बाजारात छोट्या वस्तू मिळतात. सगळ्यात साधी म्हणजे तीन भोकांची ॲल्युमिनियमची पट्टी. दोरी त्यातून नागमोडी ओवलेली असते. पट्टी सरकवली की दोरी ताणते आणि सोडली की घर्षणाने जागीच थांबते. आमच्या सहा पट्ट्यांचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर पंधरा ग्रॅम भरलं. दुसरी 'फिगर नाइन' नावाची कडी : दोरी एका भागाभोवती फिरवून ओढायची आणि दातेरी खाचेत अडकवायची. तिसरं प्लॅस्टिकचं दातेरी बकल, ते टार्पच्या कडेलाच शिवलेलं असतं. मोकळं टोक ओढलं की घट्ट, बकल उचललं की सैल. तिन्ही गोष्टी हातमोजे घालून होतात. माझं मत पट्टीला. स्वस्त आहे, आणि दोरीतच ओवलेली असल्यामुळे गवतात हरवत नाही.

त्यांचे तोटेही सांगते, नाहीतर जाहिरात वाटायची. अगदी बारीक, गुळगुळीत डायनिमाची दोरी यातून घसरू शकते. खरखरीत वेणीची, दोन-तीन मिलीमीटर जाडीची दोरी बरी, आणि पॉलिएस्टरची मिळाली तर उत्तम, ती भिजून फारशी ताणत नाही. नुसत्या खाचेत अडकवलेली दोरी वाऱ्याच्या फडफडीत सुटू शकते, म्हणून उरलेल्या टोकाचा एक वेढा वरून मारायचा. आणि या छोट्या कड्या माणसाचं वजन पेलण्यासाठी नसतात. त्यांना हॅमॉक किंवा झोका अजिबात टांगू नका. मुलांना हे स्पष्ट सांगा, ती प्रयोग करतातच.

माझे सासरे कराडजवळ शेती करतात. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नातीने पट्टी दाखवली, तर म्हणाले, "बाळा, कडी हरवली तर काय करशील? दोरी कुठंबी मिळंल." प्रश्न चुकीचा नव्हता. लेकीने काही न बोलता बागेतून आत आलेला हात कॅमेऱ्यासमोर धरला. तीन बोटं कोपरापासूनची नसावीत अशी पांढरी. आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग गाठी घरातच मारून ने की. उबेला बसून."

खरं सांगते, हे दुकानातल्या कुणी सुचवलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी तिला कॉलवर निरगाठ आणि सुरगाठ दोन्ही शिकवल्या. टार्पच्या चारी कोपऱ्यांना निरगाठीने कायमच्या दोऱ्या बांधून झाल्या, प्रत्येक दोरीत पट्टी ओवली, शेवटी मेखेत अडकवायला फास तयार. बाहेर गेल्यावर फक्त मेख ठोकायची, फास अडकवायचा, पट्टी ओढायची. एका बाजूचा कोपरा खाली ठेवायचा म्हणजे पाणी वाहून जातं. कडी हरवलीच तर म्हणून सुरगाठ शिकलेली आहेच.

मागच्या शनिवारी बागेत नळी धरून मी पाऊस पाडला, तिने हातमोजे घालून टार्प लावली. सात मिनिटं लागली. भाऊ मध्येमध्ये नळी तिच्यावर वळवत होता, तो वेळ मी धरलेला नाही.

नाव काढलेलं नाही. एक्सपिडिशन पुढच्या महिन्यात आहे. आबांनी डिसेंबरमध्ये येताना तसल्या दहा पट्ट्या आणायला सांगितल्यात, "जरा मोठ्या आण, गंजीसाठी." मोठ्या मापाच्या कुठे मिळतात हे कुणाला माहीत असेल तर कृपया खाली लिहा.