पाठीवरची अक्षरं

पॅरिस, शनिवार रात्र

ती. आईस,

पाय दुखतायत, थोडक्यात लिहितो. आयफेल टॉवर बसमधून पाहिला. थंडी अशी की हातमोजा काढून चमचा धरला तर बोटं बधिर होतात. दुपारी कांद्याचं गरम सूप घेतलं, वर पाव आणि वितळलेलं चीज. पोट भरलं, पण आमटीची आठवण गेली नाही. तू दिलेली मेतकुटाची पुडी काल संपली.

दिवसभर सँतुआँच्या जुन्या बाजारात होतो. बाबांचं घड्याळाचं भिंग तू बॅगेत घातलंस, ते फार उपयोगी पडलं. इथल्या चांदीच्या चमच्याच्या दांड्यावर तांदळाच्या कणीएवढा छाप असतो. त्यात शिरस्त्राण घातलेलं मिनर्व्हा देवीचं डोकं. 1838 पासूनची ही सरकारी हमी. कपाळासमोर 1 असेल तर हजारात 950 भाग चांदी, हनुवटीखाली 2 असेल तर 800. दुसरा छाप पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा, त्यात कारागिराची आद्याक्षरं आणि त्याची खूण. चमचा उलटा केला की देवीच्या बरोबर मागे बारीक नक्षी दिसते. छाप मारताना खाली ठेवायच्या ऐरणीवर किडे कोरलेले असत, ते चांदीत उतरत. खोटा छाप मारणाऱ्याला दोन्ही बाजू साधाव्या लागत. बाबांना हे दाखवायला हवं होतं.

रविवार रात्र

खोलीतला हीटर बंद आहे. काउंटरवरच्या माणसाने मानही वर न करता ‘उद्या’ म्हटलं. अंगात कोट घालूनच लिहितोय. कॉफीला चार युरो पडले आणि ती दोन घोटांत संपली. घरी कधी येतो असं झालंय.

आज पुन्हा बाजारातच गेलो. काही चमच्यांवर चौकोनी छाप आणि 84 आकडा होता. तो मुलामा. सबंध डझनावर मिळून किती ग्रॅम चांदी चढवली, त्याचा तो आकडा. मिनर्व्हा त्यावर नसते.

तुला सांगायचं आहे ते वेगळंच. इथे टेबलावर काटे-चमचे पालथे मांडायची जुनी रीत, म्हणून घराची अक्षरं दांड्याच्या पाठीवर कोरलेली. बऱ्याचदा दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली, एक नवऱ्याच्या घराण्याचं आणि एक बायकोच्या माहेरचं. एका चमच्यावर अक्षरांच्या जागी नुसता खळगा होता. कुणीतरी ती घासून काढली होती. अंगठा फिरवला तर तिथे दांडा पातळ लागला. देवीचा छाप मात्र शाबूत. चांदी किती खरी ते कळलं, चमचा कुणाचा ते आता कधीच कळणार नाही. फार वाईट वाटलं.

मंगळवार पहाट

उद्याचं विमान ठरल्याप्रमाणेच. काल लूव्र झालं. तिथे एका पाटीवर वाचलं ते असं.

चौदाव्या लुईने 1689 मध्ये युद्धाच्या खर्चासाठी व्हर्सायमधलं चांदीचं फर्निचर वितळवलं. 1709 आणि 1759 मध्ये लोकांच्या घरची ताटं-भांडीही टाकसाळीत गेली. त्या काळातलं जे उरलं, ते म्हणूनच इतकं थोडं.

हे वाचून आजीचं फुलपात्र डोळ्यांपुढे आलं. चिनूच्या मुंजीसाठी ते मोडीत घालून पळी-पंचपात्र करायचं ठरतंय, असं वहिनी फोनवर म्हणाली. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी आजीचं नाव घातलंय, शेवटचं अक्षर जरा वर चढलेलं. सराफ वजन करील, नावाचे पैसे देणार नाही.

दादा-वहिनींना माझा निरोप सांग. पळी-पंचपात्र नवीन घ्या, पैसे मी देतो. मी येईपर्यंत फुलपात्र सराफाकडे नेऊ नका. आल्यावरही नेऊ नका.

तुझा,
नंदू