फलंदाजीचा क्रम

किनवटच्या आमच्या महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाच्या वेळीं प्राध्यापक विरुद्ध विद्यार्थी असा क्रिकेटचा सामना होतो, आणि तो आम्ही नेमानें हरतों. यंदां संघाचें नायकत्व आमच्याकडे आलें. पराभवाची मीमांसा करावी म्हणून आम्हीं मागील सामन्यांच्या धावांच्या वह्या चाळल्या. क्रम दरवर्षीं तोच: प्रथम प्राचार्य, मग विभागप्रमुख, मग इतर अध्यापक आणि अगदीं शेवटीं प्रयोगशाळेचा परिचर. हा फलंदाजीचा क्रम नसून पगारपत्रकाचा क्रम होता!

वास्तविक प्रत्येक जागेचें काम निराळें. नवा चेंडू हवेंत वळतो, उसळतो. सोडावयाचा चेंडू ज्याला सोडतां येतो तोच सलामीला हवा. तिसरा गडी सर्वांत गुणी असावा, कारण त्याला कधीं पहिल्याच षटकांत जावें लागतें, तर कधीं दोन तासांनीं. षटकें संपत आलीं म्हणजे आडदांड हातांचा उपयोग. हें सर्व ठाऊक असूनही क्रम चुकतो. कारण माणसाचें बळ आपण त्याच्या जागेवरून मोजतों. मे १९४६ मध्यें ओव्हलच्या मैदानावर सरे संघाविरुद्ध हिंदुस्थानचे नऊ गडी २०५ धावांत बाद झाले असतां दहावे चंदू सरवटे आणि अकरावे शुटे बॅनर्जी यांनीं २४९ धावांची भर घातली. दोघांचींही शतकें झालीं. हेच सरवटे पुढें जानेवारी १९४८ मध्यें मेलबर्नच्या कसोटींत विनू मंकड यांच्याबरोबर सलामीला गेले.

आमचा परिचर ब्युरेटमधून आम्ल थेंबाथेंबानें सोडतो. रंग पालटेपर्यंत त्याचा हात हालत नाहीं. त्याला आम्हीं पहिला घातला. प्राचार्यांस मात्र ब्रॅडमनची गोष्ट सांगावी लागली. जानेवारी १९३७ मध्यें मेलबर्नलाच, ओल्या खेळपट्टीवर त्यानें शेपटाचे फलंदाज आधीं धाडले, स्वतः सातवा गेला आणि २७० धावा काढल्या. प्राचार्यांनीं ही गोष्ट दोनदां ऐकली आणि सातवी जागा मान म्हणून पत्करली.

राहिलें आमचें नांव. बारा वर्षें आम्ही सलामीस जात होतों. इंग्रजीचा प्राध्यापक म्हणजे क्रिकेट त्याचेंच, ही लोकांची समजूत खोडण्याची आम्हांस कधीं गरज वाटली नाहीं. परंतु आतां चोपन्नाव्या वर्षीं चेंडू आम्हांला पायावर आदळल्यावरच दिसतो. रात्रीं यादी घेऊन आम्ही बराच वेळ बसलों होतों. सौभाग्यवतीनें डोकावून विचारलें, "सगळ्यांचं बळ शोधलंत, तुमचं कशांत आहे?" उत्तर सुचेना. झोपण्यापूर्वीं आम्हीं आपलें नांव अकरावें लिहिलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मैदानांत उतरलों तेव्हां परिचर अजून नाबाद होता आणि जिंकावयास एकवीस धावा हव्या होत्या. तिसरा चेंडू आमच्या बॅटीची कड घेऊन मागें गेला. आम्ही जुन्या संवयीनें धांवत सुटलों. "थांबा!" एरवीं 'सर, आंत येऊं का?' असें विचारल्यावांचून उंबरठा न ओलांडणारा तो मनुष्य हात उंचावून ओरडला. आम्ही अर्ध्या वाटेवरून माघारीं फिरलों आणि कसेबसे रेषेंत पोंचलों.

पुढें त्याच्याच हांकेवर आम्ही बारा धावा धांवलों. नऊ कमी पडल्या.