पाण्याला बोट लावलं की

जलतरंग हे नाव मोठं देखणं आहे, पण वाजवणाऱ्याचा हात काही पाण्याला लागत नाही. चिनी मातीच्या वाडग्यांत कमी-जास्त पाणी घालून सूर जुळवायचे आणि काड्यांनी वाडग्याच्या कडेवर वाजवायचं. पाणी सूर ठरवतं, एवढंच. माझ्या धाकट्या बहिणीला या वाद्याचा काय उपयोग? तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

तिचा जीव मात्र पाण्यात. अब्बांचं बोट धरून मशिदीत गेली की हौजाच्या कडेला हात बुडवून बसायची. वुजू करणाऱ्यांनी पाणी हलवलं की लहानशी लाट तिच्या तळहाताशी येई. शेजारच्या वाडीत पंप सुरू झाला की पाइपाच्या तोंडावर तळवा धरून ती खदखदा हसे. "हिला आवर गं, वाडीवाले ओरडतील," अम्मा मला म्हणायची. मी तिला ओढून आणायची. ती माझ्या गालाला गार हात लावायची.

2008 च्या उन्हाळ्यात मुलाकडे टोरोंटोला गेले होते. तिथल्या ऑंटारिओ सायन्स सेंटरच्या बाहेर पाण्याचं एक वाद्य होतं, हायड्रॉलोफोन. स्टीव्ह मान या तिथल्याच प्राध्यापकांनी ते घडवलं. बासरीला भोकं असतात तशी ओळीनं भोकं, आणि प्रत्येकातून पाण्याची धार. धारेवर बोट ठेवायचं. अडलेलं पाणी आतल्या दुसऱ्या वाटेनं वळतं आणि सूर निघतो. बोट अर्धवट ठेवलं तर सूर हलका, दाबलं तर भरीव. पियानोची पट्टी एकदा दाबली की तिचं काम संपलं. इथे मात्र सूर चालू असेतो पाणी बोटाला उलट रेटत राहतं, आणि त्या रेट्यात बारीक थरथर असते. सून म्हणाली, "अम्मी, भिजाल!" भिजलेच. कान सोडून नुसत्या बोटांनी ऐकून पाहिलं, आणि बहीण आठवली.

पाण्याच्या संगीताची हौस आपल्याकडे जुनी आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या वाद्याचं वर्णन लिहून ठेवलं. 1206 च्या अल-जझरीच्या ग्रंथात वाजंत्री बाहुल्यांची नाव आहे, हात धुवायला पाणी देणारा मोरही आहे. अक्कल अफाट, यात शंका नाही. पण ती बरीचशी करामत दरबारासाठी. पाहणाऱ्यानं लांब बसून थक्क व्हायचं. त्याच्या हाताला तिथे काम नाही. मला त्या मोराचं कौतुक वाटतं ते यासाठी, की तो निदान हातावर पाणी तरी घालतो.

परत आल्यावर बहिणीला खाणाखुणांनी सगळं सांगितलं. तिनं नुसती मान हलवली. मग गल्लीतल्या प्लंबरकडून प्लास्टिकच्या पाइपाला आठ भोकं पाडून घेतली, एक टोक बंद केलं, दुसरं गच्चीवरच्या टाकीला जोडलं. सूर निघणार नव्हताच. प्लंबरनं दोनदा विचारलं, "आपा, हे नेमकं कशासाठी?"

बहिणीनं पहिल्या भोकावर बोट ठेवलं. शेजारच्या धारा थोड्या उंचावल्या. दुसरं बंद केलं, आणखी उंचावल्या. मग दोन्ही हातांची बोटं. ती डोळे मिटून बसली, आणि कितीतरी वेळ तिनं मला जवळ येऊ दिलं नाही. अखेर माझा हात धरून एका धारेवर ठेवला आणि पलीकडची भोकं स्वतः उघडझाप करू लागली. माझ्या बोटाखाली पाणी चढत होतं, उतरत होतं. तिनं काय वाजवलं ते मला कळलं नाही. मी विचारलं, तर तिनं आमच्या अम्माची खूण केली: डोक्यावरून पदर ओढल्याची.

ते सायन्स सेंटर जून 2024 मध्ये इमारतीच्या छपराच्या कारणावरून बंद झालं. आमचा पाइप अजून आहे. मे महिन्यात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेव्हा तो खुंटीला टांगलेला असतो. बहीण जाता-येता त्याच्या कोरड्या भोकांवरून बोट फिरवते आणि मला बोटांवर मोजून दाखवते, पावसाला किती दिवस उरले.